अकरापैकी अकरा

१७ नोव्हेंबर, सोम.
शाळेत पाय ठेवला तोच बोडके सरांनी पेढा पुढे केला. माझा तिसरीचा वर्ग वाचन चाचणीत केंद्रातल्या सगळ्या शाळांत पहिला! अकरापैकी अकरा अस्खलित. पेढा हातातच राहिला. माझ्या नोंदवहीप्रमाणे सहाच वाचतात. सानिकाला अजून 'कमळ' वाचताना घाम फुटतो. चाचणीच्या दिवशी मी रजेवर, आईच्या डोळ्यांसाठी महाडला. चाचणी सरांनी घेतली. मुख्याध्यापक ते, शिक्षिका मी, शाळेत तिसरं कुणी नाही.

१८, मंगळ.
मुलांना विचारलं, चाचणीत काय वाचलंत? "सरांनी कागद दिलान, बाई." मग? एकमेकांकडे बघायला लागली.
कोण वाचतं, कोण नाही, त्या खुणांचा कागद सरांकडे मागितला. "मोबाईलवरनं भरलं ना, बाई. वर गेलं सगळं." बोलताना फळा पुसत होते. कोरा फळा.

२१, शुक्र.
सानिका सकाळच्या जादा वर्गाला आली नाही. दुपारी तिची आई पाणी भरताना भेटली. "पोर पास झाली ना बाई? मंग लवकर कशाला धाडू? गुरं सोडाया कोन नाय."
म्हटलं, अजून वाचता येत नाही तिला.
"सर तर येतंय म्हंत्यात." आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच पोरीच्या वाईटावर आहे.

२४, सोम.
केंद्रप्रमुखांचा फोन. गुरुवारी महाडला प्रशिक्षण, त्यात 'यशोगाथा' मी सांगायची. दहा मिनिटं.
सर म्हणाले, "सांगा की. कोनाचं काय जातंय?"
इतके खूश का? पट कमी म्हणून शाळा बंद करायची बोलणी आहेत, त्यासाठी? की बदलीचं काही? विचारायला गेले आणि पाण्याची बाटली भरून परत आले.

२७, गुरु. महाड
एस.टी. एमआयडीसीच्या कामगारांनी भरलेली, उभ्यानेच आले. चहाच्या वेळी डी.एड.ची मैत्रीण सुवर्णा कानाशी आली. "खरं सांग गो, तू भरलंस की सरांनी?"
म्हणजे आकडा खोटा, असं सगळ्यांनाच वाटतंय. आणि तो मीच भरला असेल, असंही.
लिहून नेलेला कागद उघडलाच नाही. माईकवर म्हटलं, "अकरा नाहीत, सहा वाचतात." केंद्रप्रमुख साहेब हसले, "बघा मॅडमचा विनय!" टाळ्या. पुष्पगुच्छ. तोंड कुठे लपवू असं झालं.
जिन्यात साहेबांना गाठलं. आता हसत नव्हते. "मग लेखी द्या. मुख्याध्यापकांच्या सहीने."

२८, शुक्र.
सरांना सगळं सांगितलं. त्यांनी कपाटातून खुणांचा कागद काढला. सहा बरोबरच्या खुणा, पाच फुल्या.
"मी सहाच भरले, बाई. वर कोणी बदललं तर मी काय करू?"
खरंही असेल. पण मग मागितला तेव्हा कागद का नाही दिला? पेढे कशाचे? खुणा काळ्या शाईच्या, सरांची हजेरी कायम निळ्या शाईत. तेही विचारलं.
"पेन संपतं, बाई."
ज्या माणसाने मला इथे रुजू होताना खोली शोधून दिली, त्याची शाई तपासतेय मी.

१ डिसेंबर, सोम.
केंद्रप्रमुखांना पत्र लिहिलं. दोष कुणालाच दिला नाही. सहा वाचतात, पाच नाहीत, पाचांचा जादा वर्ग चालू ठेवावा, एवढंच. सरांनी न वाचता सही केली. मग स्वतःच म्हणाले, "पोलादपूरला सायबांच्या हापिसात मीच देऊन येतो, गाडी हाय."
पोच घेऊन या म्हटलं.
"विश्वास नाय ना, बाई?"
पत्र पाकिटात घालून त्यांच्या हातात दिलं. बारा वाजता गेले.
दोघांचेही वर्ग एकत्र बसवले. पाच वाजता पोरं घरी पाठवली. जाऊन-येऊन दोन तासांचं काम, सर अजून आलेले नाहीत. फोन लागत नाही. घाटात रेंज नसतेच, रोजच नसते. रोज मी लावून बघत नाही, इतकंच.