भिलाटीचा नळ

माय,

परवा तुझी सही पाहिली आणि हातातला चहा खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. रविवारची सकाळ, मी नववीचे नागरिकशास्त्राचे पेपर तपासत होते, आणि आपल्या गावच्या भिलाटीतली एक बाई पाचोऱ्याला माझ्या घरी आली. तू सरपंच होतीस तेव्हा ती माझ्याच वयाची पोर होती, आता ग्रामपंचायतीची सदस्य आहे. पिशवीतून तिनं एका जुन्या ठरावाची झेरॉक्स नक्कल काढली. भिल्लवस्तीसाठी आलेला नळ आपल्या गल्लीत घ्यावा, सर्वानुमते मंजूर. खाली तुझी सही. भिलाटीत अजून नळ नाही, माय. बाया अजून त्याच विहिरीवर जातात. तो ठराव खोटा होता एवढं दाखवता आलं, तर नव्या योजनेतली पहिली लाइन भिलाटीसाठी मागता येईल, असा तिचा हिशेब. "तू तिनी लेक," ती म्हणाली. "सांग, ही सही तुनी मायनी शे का?"

जागा बायांसाठी राखीव झाली म्हणून आबांनी आपल्या बायकोला, तुला, उभं केलं, बिनविरोध निवडून आणलं, आणि दुसऱ्या दिवसापासून गाव आबांनाच सरपंच म्हणायला लागलं. तू मात्र माझ्याकडे सही शिकायला बसलीस. परातीतल्या पिठात मी तुझं नाव काढतेय, तू त्यावरून बोट फिरवतेयस. तुझं सगळं उलटं. आधी आडवी रेघ ओढायचीस आणि मग तिच्याखाली अक्षरं टांगायचीस, दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी. शेवटचं अक्षर हमखास खाली लोंबायचं. मी शेजारी पाठांतर करायचे, लोकशाहीत सत्ता लोकांची असते, आणि तू कळण्याची भाकरी थापता थापता विचारायचीस, "मंग लोकेसले कोन इचारस?" मी वैतागून म्हणायचे, माय, ते पेपरात येत नाही.

आपल्याकडे ग्रामसभा भरायची ती रजिस्टरातच. रजिस्टर आपल्या ओट्यावर यायचं, तिथून सह्यांसाठी घरोघर फिरायचं. त्या संध्याकाळी तू शेतातून आली नव्हतीस आणि ग्रामसेवकाला एसटी गाठायची होती. आबांनी मला हाक मारली. "तुनं अक्षर चांगलं शे. मायनी सही तूच करी टाक. तिले काय समजस?" मी केली. ठराव वाचलासुद्धा नाही. उलट मोठ्या माणसांच्या वहीत आपला हात लागला म्हणून चार दिवस हवेत होते. नळ आला, अगदी दारासमोर. आणि तू हंडा घेऊन सगळ्या गल्लीदेखत भिलाटीच्या विहिरीवर जात राहिलीस. आबा चिडायचे, मला मैत्रिणींत मान खाली घालावी लागायची. "मले तठलं पानी ग्वाड लागस," यापलीकडे तू कधी काही बोलली नाहीस. मी ती तुझी लहर समजले. तू गेल्यावरही इतकी वर्षं तेच समजत होते.

मी नक्कल उजेडाकडे धरली, तशी परवा तीच बोलली. "तुनी माय पानीले ये ना, तवय आमले सांगे, त्या कागदवरनी सही मनी नईच. बठ्ठा लोके हसेत. मनी माय मातर तिनं खरं माने." म्हणजे तुला माहीत होतं! रोज त्या विहिरीवर उभं राहून तू सांगत होतीस, आणि मला ते आत्ता कळतंय, परक्या तोंडून. सही कुणी केली हेही तू ओळखलं असणार, तुला अक्षर शिकवणारी मीच होते. माझं नाव मात्र तू कुणाला सांगितलं नाहीस.

मी नक्कल पुन्हा पाहिली. अक्षरं रेघेला घट्ट चिकटलेली, शेवटचंही. एवढं तिला बोटानं दाखवलं असतं तर पुरे होतं. पण समोर पेपरांचा गठ्ठा, वर 'ग्रामसभेचे महत्त्व लिहा', आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो, मायचीच आहे." तिनं कागदाची घडी घातली. "मंग तुनी माय खोटं बोलनी," एवढं म्हणाली आणि चहा न घेता गेली.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. तिचं घर मला माहीत आहे, एसटीनं पाऊण तास. तुला लिहितेय, कारण तुला लिहिलेलं कुठे नेऊन द्यावं लागत नाही.