बाईसाहेब झोपत नाहीत

३ मार्च, सोमवार
आजही शून्य! चमचा दाखवला, दार दाखवलं, पाण्याचा पेला दाखवला. आई नुसती माझ्याकडे बघत राहिली. बोलायचा सराव घ्यायला येणाऱ्या बाईंनी बजावलंय — रोजचा सराव लॅपटॉपवर रेकॉर्ड करा, मला ऐकवा. काय ऐकवू? माझंच तुणतुणं! 'म्हण आई, पाणी. पा-णी.' झटका आल्यापासून तिच्या तोंडून एक शब्द नाही. डोळे मात्र टक्क उघडे, मी जाईन तिकडे मागे मागे फिरतात. त्या डोळ्यांचीच काय ती सोबत.

शेवटी वैतागले. रेकॉर्डिंगची खिडकी खाली सारली आणि पानं लावायला घेतली. भूगोलाचं पुस्तक महिनाअखेर छापखान्यात जायचंय. अजून नद्याच चालू आहेत.

४ मार्च, मंगळवार
नवीनच ताप! लॅपटॉप झोपत नाही. एरवी मी स्वयंपाकघरात गेले की पडदा काळा करून गप्प पडायचा. आता मी येऊन बघते तर लख्ख जागा, पंखा घरघरतोय. बिजागरी कधीचीच तुटलीय, त्यामुळे झाकण मिटायची सोय नाही. मेनूत जाऊन झोपवला, तर डोळा लागतो न लागतो तोच परत जागा. बाईसाहेब नाव ठेवलंय मी. तोच तोरा!

५ मार्च, बुधवार
मेकॅनिकला फोन. 'माउस काढून बघा, मॅडम. टेबल हललं तरी जाग येते.' काढला. फरक शून्य.
म्हटलं, सरळ बंदच करते. तर ओरडलाच — 'अजिबात नको! मागच्या वेळी बंद केलात तेव्हा परत चालू करता करता माझ्या नाकी नऊ आले होते. पुस्तक हातावेगळं होऊ दे, मग आणा.'
म्हणजे झोपवताही येत नाही, बंदही करता येत नाही. आणि हलवायचा तरी कुठे? धड चालणारा प्लग एकच, तो आईच्या पलंगापाशी. तिच्याकडे पाठ करून बसते आणि काम करते. दिवसभर ती घरघर तिच्या उशाशी!

६ मार्च, गुरुवार
आज माझा तोल गेला. सकाळी आईची चादर दोनदा बदलली, त्यात दादाचा फोन — 'किती दिवस ओढणार आहेस एकटी?' — त्यात नकाशाचं पान गेलं उडून. समोर बाईसाहेब डोळे वटारून बसलेल्या. टेबलावर थाड्‌कन हात आपटला आणि ओरडले — 'झोप की गं बाई आता! किती छळशील! डोळे मीट एकदाचे, म्हणजे मीही सुटेन!' आणि दार आपटून गच्चीत गेले.
लॅपटॉपशी भांडणारी बाई! कोणी ऐकलं असतं तर वेड्यात काढलं असतं. पण घरात ऐकणारं आहे कोण? खोटं का बोलू, बरं वाटलं.

७ मार्च, शुक्रवार
परत भांडले. सवयच लागतेय.

८ मार्च, शनिवार
आईने परवापासून डोळे उघडलेले नाहीत. आधी वाटलं, थकली असेल. हाक मारली, गाल थोपटला, ओल्या फडक्याने पापण्या पुसल्या. काही नाही. चमचा ओठाला लागला की तोंड उघडते, गिळते. डोळे बंद ते बंदच.
माझ्या मागे मागे फिरणारं आता घरात काही उरलं नाही.

१० मार्च, सोमवार
डॉक्टर येऊन गेले. बॅटरी मारली, टाळी वाजवली, मान हलवली. 'प्रतिसाद कमी होत चाललाय. गिळतात ते सवयीने. खरं सांगू? बोलण्याची आशा आता धरू नका.' सराववाल्या बाईंनाही त्यांनीच कळवलं. त्या उद्यापासून येणार नाहीत.
दादाने जागा बघून ठेवलीच होती. अंथरुणाला खिळलेल्यांची संस्था. शनिवारी गाडी येईल. 'तिला काही कळत नाही गं आता. तू कशाला मनाला लावून घेतेस?'
तिला कळत असतं, तर मी नाही म्हणाले असते. कितीही जड गेलं असतं तरी. पण काही कळतच नसेल, तर कुणासाठी अडून बसू? 'बरं' म्हणाले. तोंडातून सहज निघालं, याचंच जास्त वाईट वाटतंय.

१२ मार्च, बुधवार
मेकॅनिकने फोनवर एक आज्ञा लिहायला लावली. काळ्या खिडकीत. जागं कोण ठेवतंय ते म्हणे यंत्र स्वतःच सांगतं. उत्तर आलं — आवाजाचं काहीतरी वापरात आहे. कसला आवाज? या घरात आवाज राहिलाय कुठे! स्पीकर बंद केला. बाईसाहेब ढिम्म. वर नवीन तक्रार — जागा संपत आली, फायली काढा. मी ठेवलंय काय एवढं? चार नद्या आणि दोन पर्वत!
टेबलावर डोकं टेकून रडले. नंतर उठून आईची कूस बदलली.

१३ मार्च, गुरुवार
तिची पिशवी भरली. चष्मा ठेवावा की नाही? मिटलेल्या डोळ्यांना चष्मा कशाला? काढला. परत ठेवला.

१५ मार्च, शनिवार
गेली.
दोन माणसं आली, चादरीसकट उचललं. माणसं मवाळ होती बिचारी. दादा पुढे बसला. मी गाडीत वाकून म्हटलं, 'आई, येते हं मी भेटायला.' काही नाही. डोळे मिटलेले. पण किती घट्ट! कपाळाला आठ्या पडल्या होत्या. झोपलेल्या माणसाचे असे असतात? उन्हामुळे असेल. दार लागलं.
घरात आले तर पलंग रिकामा आणि बाईसाहेब जाग्या. आज ओरडावंसंही वाटलं नाही. बसून एकेक खिडकी बंद करायला घेतली आहे. दुसरं करू तरी काय?

१५ मार्च, संध्याकाळ
सापडलं. सरावाचा रेकॉर्डर! त्या सोमवारी खाली सारला होता, थांबवलाच नव्हता; नंतर सराव घेतलाच नाही. तेव्हापासून ही खोली ऐकत बसलाय.
मी ओरडले त्या गुरुवारचं लावलं. माझा आवाज — 'झोप की गं बाई आता! किती छळशील! डोळे मीट एकदाचे, म्हणजे मीही सुटेन!' दार आपटलं. मग पंखा. कितीतरी वेळ नुसता पंखा.
मग आई. जाड, तुटक, पण आईच — 'मि... मिटले. मिटले गं. रागवू... नको.'
चपला पायात आहेत. दादाला फोन वाटेत करीन. आधी तिच्या कानाशी जायचंय — आई, ते तुला नव्हतं गं. उघड डोळे. तुला नव्हतं.