होडकं वर आहे

३ जानेवारी

आणखी एक गेलं! फ्रेंच जोडप्याचं होडकं, इंजिनासकट. बोटीच्या मागे नुसतं दोराने बांधलं होतं. सकाळी कापलेलं टोक तेवढं पाण्यात लोंबत होतं. सगळ्या बोटी सकाळी एकमेकींशी बोलतात त्या रेडिओवर हार्लनने जाहीर केलं. हार्लन कॅनडाचा, पण स्वतःला या खाडीचा पोलीसपाटील समजतो. "मंडळी, उचला, नाहीतर गमवा!" रोज तेच. इथे नांगर टाकून आपापल्या बोटींवर राहणाऱ्या आम्हा सगळ्यांना ते पाठ आहे, तरी दोन पेग झाले की लोक उचलायचा कंटाळा करतात.

फ्रेंच बाई रेडिओवर रडत होती. रडणारच. होडकं गेलं म्हणजे पायच गेले. किनारा समोर दिसतो, पाव भाजल्याचा वास येतो, आणि जाता येत नाही.

माझं वर होतं. रोज अंधार पडायच्या आत मी ते पाण्यातून वर ओढते आणि बोटीच्या कुशीला टांगून ठेवते. माझा नवरा, वाउट, गेल्यापासून एकदाही चुकले नाही. चुकून चालणारच नाही. त्याला पुरून आलो त्या दिवशी मारिके फोनवर हट्टाला पेटली होती— "आई, बोट विक, मायदेशी परत ये, झ्वोलेला माझ्याकडे." मी म्हटलं, ज्या दिवशी मला होडकं एकटीने उचलता येणार नाही, त्या दिवशी येईन. शब्द माझाच. तेव्हा वाटलं, काय सोपी अट घातली!

५ जानेवारी

उजवं मनगट दुखतंय. मारिकेला सांगायचं नाही.

७ जानेवारी

होडकं उचलणं हे खरं तर दोघांचं काम. वाउट कप्पीचा दोर ओढायचा, मी होडक्याचं नाक धरून ठेवायची, म्हणजे ते बोटीवर आपटायचं नाही. आणि दोघं एकमेकांवर ओरडायचो. "धर की!" "धरलंय की!" शेजारच्या बोटीवरचे लोक ग्लास घेऊन बघत बसायचे. आता मी नाकाला वेगळा दोर लावते, तो खांबाला गुंडाळते, मग इकडे येऊन ओढते, मग तिकडे जाऊन सैल करते. माकडासारख्या उड्या. ओरडायला कोणी नाही. काल मी स्वतःलाच म्हटलं, "धर की!" आणि मग वेड्यासारखं रडू आलं.

इंजिन तर असं आहे की चोराने बघून तोंड फिरवावं. वाउटने मुद्दाम रंगवलंय, गुलाबी, त्यावर पिवळे ठिपके. नवंकोरं इंजिन होतं! मी दोन दिवस बोलले नाही त्याच्याशी. तो म्हणाला, "अगं, सुंदर वस्तू चोरतात लोक. बघ, तुला कोणी नेलं का? मीच नेलं, म्हणून बाकीचे वाचले." मेला.

आज हार्लनने नवीन शहाणपण सांगितलं. होडक्यावर बोटीचं नाव लिहू नका म्हणे. धक्क्याला होडकं दिसलं की चोराला कळतं, या बोटीवर आत्ता कोणी नाही. बरोबर आहे. दुपारी बसून वाउटने रंगवलेली अक्षरं खरवडून काढली. वाकडी होती, एक अक्षर तर उलटंच. खरवडताना फार वाईट वाटलं. चोर मोकळे फिरतायत आणि मी नवऱ्याचं अक्षर पुसतेय.

दिवसभरात बोललेले एकूण शब्द— रेडिओवर, "ऐकतेय."

९ जानेवारी

तो निळ्या होडीवाला आजही आला. इथलाच, मासेमार. संध्याकाळी मी दोर ओढत असते त्याच सुमाराला तो वळसा घालून येतो, माझ्या बोटीजवळ इंजिन मंद करतो, बघतो आणि निघून जातो. हात नाही, हाक नाही, काही नाही. बघतो कुठे? होडक्याकडे! सरळ होडक्याकडे. इतक्या बोटी आहेत, पण मंद होतो फक्त माझ्यापाशी. एकटी बाई हेरलीय.

११ जानेवारी

किनाऱ्यावर गेले. धक्क्याला होडकं बांधलं, साखळी घातली, कुलूप लावलं, मग इंजिनाला दुसरं कुलूप. वर अल्विनाचं दुकान आहे, रोटी मिळते, मागच्या पडवीत पुरुष डॉमिनो खेळतात. ती खिडकीतून सगळं बघत होती. इथे वयस्कर बाईला सगळे 'टांटी' म्हणतात, म्हणजे मावशी.

"काय गं टांटी, ही साखळी होडक्याला की बैलाला?"

"चोराला," मी म्हटलं.

"मग तू चोराला बांध ना! बिचाऱ्या होडक्याने काय केलंय?" आणि खो खो हसली. वाउट जिवंत असताना रोज दुपारी इथे यायचा. मी बोटीवर वाचत पडायची. मागच्या पडवीत तो कोणाबरोबर खेळतो, हे मी कधी विचारलं नाही. आता तिथून सोंगट्या आपटल्याचा आवाज आला की मी रोटी घेते आणि चालू लागते.

निळ्या होडीबद्दल अल्विनाला विचारणार होते. पण मागे गिऱ्हाईक होतं.

१२ जानेवारी

सांगून टाकलं. सकाळच्या रेडिओवर. निळी होडी, पांढरा पट्टा, माणूस उंच, डोक्याला लाल फडकं. रोज संध्याकाळी इंजिनांवर नजर ठेवतो. हार्लन म्हणाला, "शाबास, टिनेके! असे डोळे उघडे ठेवा सगळ्यांनी." मग एकेक बोट बोलू लागली. आम्हीही पाहिलाय, आमच्याही जवळून गेला. दुपारी दोन बोटींवरून लोक आले, कॉफी प्यायले. एकीने केक आणला. कित्येक महिन्यांत माझ्या बोटीवर एवढी माणसं नव्हती. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

१३ जानेवारी

आला नाही. कळलं वाटतं बेट्याला!

१६ जानेवारी

अजून नाही. केकवालीही पुन्हा आली नाही.

संध्याकाळ लांबच लांब झालीय. दोर ओढताना मान आपोआप खाडीच्या तोंडाकडे वळते. म्हणजे मी रोज त्या आवाजाची वाट बघत होते की काय? चोराची? एकटेपणा माणसाला काय काय करायला लावतो.

मनगट सुजलंय. आज होडकं तीन टप्प्यांत वर आलं. मधे दोर दातात धरला. या वयात, हे दात!

१९ जानेवारी

कुठून सुरुवात करू.

अल्विनाकडे गेले. हसली नाही. 'टांटी'सुद्धा म्हणाली नाही. रोटी कागदात गुंडाळली आणि खिडकीवर आपटली.

मी विचारलं, काय झालं?

"चोराच्या बहिणीच्या हातची रोटी चालेल ना तुला?"

मला काही कळेना. तर तो निळ्या होडीवाला, व्हर्नेल, तिचा सख्खा भाऊ! रेडिओ काय फक्त बोटीवरच्या गोऱ्या लोकांकडे आहे? प्रत्येक मासेमाराकडे आहे, दुकानात आहे, चर्चच्या पाद्र्याकडे आहे. सगळ्या बेटाने ऐकलं. नाव घेतलं नव्हतं मी, पण निळी होडी आणि पांढरा पट्टा म्हटल्यावर नाव कशाला लागतंय?

"मग रोज माझ्या बोटीशी येऊन बघायचा कशाला?" मीही चढले.

अल्विनाने हातातलं फडकं खाली ठेवलं. "तुझ्या नवऱ्याने सांगितलं म्हणून! दोघं इथेच बसायचे मागे, डॉमिनोला जोडीदार. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा वाउट त्याला म्हणाला, व्हर्नेल, घरी जाताना रोज एक नजर टाक. होडकं वर दिसलं की समजायचं, बाई बरी आहे. खाली दिसलं तर जाऊन बघ."

मी म्हटलं, मग मला एकदा तरी सांगायचं!

"वाउटनेच शपथ घातली होती. म्हणाला, तिला राखणदार ठेवलाय हे कळलं, तर मी मेलो तरी मला सोडणार नाही ती."

खरंच सोडलं नसतं.

रोटी तशीच पिशवीत आहे. 

२० जानेवारी

व्हर्नेलकडे गेले. होडी वाळूवर ओढून तळ खरवडत होता. मी आले हे बघितलं आणि खरवडत राहिला. मी म्हटलं, चुकलं माझं. मला माहीत नव्हतं.



मग म्हणाला, "टांटी, माझ्या पोरीला वर्गात विचारतात, तुझ्या बापाने आज कुठलं इंजिन आणलं. धक्क्यावर गेलो की तुमची माणसं आपापल्या होडक्याकडे पळतात. मी पन्नाशीला आलो. या खाडीत पोहायला शिकलो."

मी पुन्हा माफी मागितली. आता तरी संध्याकाळी ये, असंही म्हणाले. लाज सोडून म्हणाले.

"इथे वाळूवर मला एकट्याला सांगून काय उपयोग? जिथे बोललात तिथे सांगा."

आणि पाठ फिरवली. निघताना मात्र, न बघता, विचारलंन, "हाताला काय झालंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

२१ जानेवारी

बोलले रेडिओवर. कागदावर लिहून घेतलं होतं. निळ्या होडीबद्दल मी जे बोलले ते चूक होतं. तो माणूस माझ्या नवऱ्याचा मित्र आहे, माझी काळजी म्हणून यायचा, त्याचं नाव व्हर्नेल. नाव मुद्दाम घेतलं.

 मग हार्लन, अगदी हळू आवाजात— "टिनेके, तुला कोणी धमकावलंय का?"

असा संताप आला! म्हटलं, "हो, हार्लन. माझ्या लाजेने." आणि बंद केला रेडिओ.

कॉफीला कोणी आलं नाही.

२२ जानेवारी

नाही आला.

२३ जानेवारी

नाही. आला तरी कशासाठी यावं त्याने? माझी चूक मी कबूल केली, म्हणजे त्याच्या पोरीने ऐकलेले टोमणे पुसले जातात होय!

अल्विनाने आज 'टांटी' म्हटलं. फक्त तेवढंच. मी तो शब्द घरापर्यंत सांभाळून आणला.

आमच्याच बाजूच्या इंग्रज बोटीचं होडकं गेलं. व्हर्नेल संध्याकाळी फिरायचा तेव्हा खाडीच्या या बाजूला एकही गेलं नव्हतं, हे आज लक्षात आलं. रेडिओवर कोणी हे बोललं नाही. मीही नाही. माझं ऐकतंय कोण आता?

२५ जानेवारी

संपलं.

संध्याकाळी नेहमीसारखी सुरुवात केली. अर्ध्यावर आलं आणि मनगटात काहीतरी कट्कन् झालं. दोर हातातून सुटला, होडकं धाडकन पाण्यात. नशीब, इंजिन बुडालं नाही. पुन्हा ओढलं. डाव्या हाताने, मग दोन्ही हातांनी, मग कमरेला दोर बांधून मागे चालत. इंचभर वर आलं नाही. ओरडले, "धर की!" खाडीभर ऐकू गेलं असेल. कोणाला ऐकू जायचं होतं?

मग बसून राहिले. सूर्य गेला. सगळ्या बोटींची होडकी वर टांगलेली, माझंच तेवढं पाण्यात. गुलाबी इंजिन, पिवळे ठिपके. मागे बांधून ठेवलंय. साखळी घालायला वाकले आणि मग राहू दिली. न्यायचं तर न्या. शब्द तर मोडलाच आहे, आता होडकं राहिलं काय आणि गेलं काय.

मारिकेला उद्या सांगायचं. ती 'बरं झालं आई' म्हणेल, प्रेमाने म्हणेल, आणि माझ्यासाठी मागची खोली रिकामी करेल. त्या खोलीच्या खिडकीतून समोरच्याची भिंत दिसते. मला तिथे मरायचं नाहीये! पण शब्द दिलाय.

हात फार ठणकतोय. गोळी घेते आणि झोपते.

२६ जानेवारी

सकाळी वर आले. मागे पाहिलं, दोर नाही. होडकं नाही! तिथेच खाली बसले. नेलंच शेवटी. मग मानेवर पाण्याचा थेंब पडला. वर पाहिलं. होडकं कुशीला टांगलेलं, नाकाचा दोर खांबाला नीट आवळलेला, इंजिनाला माझीच साखळी. गाठ माझी नाही. मासेमारांची आहे.

मारिकेचा फोन वाजतोय. ती आधी तेच विचारेल, होडकं वर आहे ना? हो म्हणेन. कोणी उचललं असं विचारलं, तर तेही सांगेन.