खालचं शेत आणि शनिवारची तीनची वेळ

माझं डोकं ठिकाणावर आहे, असं डॉ. लिलिको यांनी काल, मंगळवारी, तपासून लेखी दिलं आहे. इतकी वर्षं रग्बीच्या स्क्रममध्ये, म्हणजे खांद्याला खांदा भिडवून समोरच्यांना रेटायच्या घोळक्यात, खुपसलेलं डोकं, उद्या कुणी शंका घेऊ नये म्हणून दाखला मीच मागितला. हृदयाबद्दल मात्र बाईंनी तितकी खात्री दिली नाही.

तेव्हा मी, एल्स्पेथ क्रॅन्स्टन, वय चौसष्ट, मेंढपाळ, स्कॉटलंडच्या महिला रग्बी संघाची माजी खेळाडू, राहणार बर्नशील, कुणाच्याही दडपणाशिवाय माझी अखेरची इच्छा लिहून ठेवते. याआधी लिहिलेलं सर्व रद्द समजावं.

१. घर, डोंगरउताराची जमीन, मेंढ्या आणि दोन्ही कुत्री पुतण्या गॅव्हिनला. थोरल्या कुत्रीला ओरडून काही सांगू नये, ती ऐकत नाही. मीही ऐकत नसे.

२. लोकर कातरायची यंत्रं मिना व्हीचला. स्क्रमच्या पहिल्या रांगेत मी मधली, मिना माझ्या उजव्या खांद्याशी. लीड्सजवळ इंग्लंडच्या बायकांना आम्ही त्यांच्या गोलरेषेपर्यंत रेटत नेलं, तेव्हा ही माझ्या कानात ओरडत होती, "ढकल गं, घरी दूध काढायचंय!" तसं ढकलणं मी नंतर कुणाचं पाहिलं नाही. त्या दिवशी चुरगळलेले माझे दोन्ही कान कुणाला देता येत नाहीत. ते मी सोबत नेते.

३. बँकेतली शिल्लक महिला संघाच्या बसभाड्यासाठी. आम्ही सामन्यांना मेंढ्यांच्या ट्रकमधून जायचो. वासाने समोरच्या पोरी स्क्रममध्ये नीट वाकत नसत, हा फायदा आता जाईल. त्याला इलाज नाही.

४. देशाकडून खेळल्याची मखमली टोपी पुरुषांना पहिल्याच सामन्याला मिळते. आम्हाला ती केस पिकल्यावर मिळाली. माझी टोपी गॅव्हिनच्या लेकीला, ब्रोनाला द्यावी. ती आज माझ्याच जागेवर खेळते. टोपी काचेत ठेवू नये. ती घालून पोर मेंढ्यांमागे गेली तरी चालेल.

५. आता खालचं शेत. तरुणपणी आम्ही गावच्या रग्बी क्लबात सरावाची परवानगी मागायला गेलो, तेव्हा तिथला वॉट रिडेल म्हणाला, "बायकांमुळे गवत खराब होईल." म्हणून आम्ही माझ्या या शेतात मेंढ्या हाकलून खेळलो. पडलं की लेंड्यांत पडायचं. या शेतातून पाच जणी देशाकडून खेळल्या. क्लबच्या हिरवळीवरून तोवर दोनच पुरुष गेले होते. हे क्लबच्या भिंतीवर कुठेही लिहिलेलं नाही, म्हणून इथे लिहिते.

गेल्या हिवाळ्यात टेव्हियट नदीने क्लबचं मैदान खाल्लं. खालचं शेत घराच्या खाली असलं तरी नदीपेक्षा उंचावर आहे, सपाट आहे. ते मी क्लबला कायमचं देते. गॅव्हिनची संमती आहे. अट एकच. दर हंगामाचा पहिला सामना महिलांचा, आणि तो शनिवारी दुपारी तीन वाजता. रविवारी सकाळी, रिकाम्या कुंपणासमोर नाही.

वॉट आता क्लबचा अध्यक्ष आहे. मागच्या आठवड्यात फाटकाशी आला.

"एल्सी, तीनची वेळ सोडून काहीही माग. आजोबांच्या काळापासून तीनला पुरुष खेळतात."

"मग आजोबांनाच विचार, नदीकडून मैदान परत मिळतंय का."

"अगं बाई, लोक बघायला कुणाला येतात?"

"तीनला जो खेळतो त्याला."

त्याने फाटकाची कडी लावली. मग म्हणाला, "तू मेल्यावर बघू."

नाही. शेत आत्तापासून वापरायला, आणि अटही याच हंगामापासून लागू आहे. मेलेल्या बाईला शब्द देणं सोपं असतं. या शुक्रवारी क्लबची समिती मत देईल. तीन जण माझ्या बाजूचे, तीन विरुद्ध. सातवं मत वॉटचं. होकार आला तर शनिवारी तीनला ब्रोना आणि तिच्या मैत्रिणी या शेतात खेळायला उतरतील, आणि हे कलम कायम राहील. नकार आला तर हे कलम रद्द, शेत गॅव्हिनचं, आणि त्याच तीनला तो तिथे मेंढ्या सोडेल. दोन्हीपैकी जे होईल ते बघायला मी फाटकाशी असेन. डॉक्टरांची त्याला हरकत नाही.

आमच्या कायद्याला एक साक्षीदार पुरतो. दुसरा मी हौसेने बोलावला.

सही: एल्स्पेथ क्रॅन्स्टन
बर्नशील, टेव्हियट खोरं, स्कॉटलंड
बुधवार, ३ सप्टेंबर २०२५

साक्षीदार:
१. डॉ. कर्स्टी लिलिको. माझ्यासमोर सही केली.
२. वॉल्टर (वॉट) रिडेल. माझ्यासमोर सही केली. मी सहीचा साक्षीदार आहे, शहाणपणाचा नाही. बाकीचं शुक्रवारी.