पाठीवरची चेन

११ फेब्रुवारी

नाही लागत! नाहीच लागत! सकाळभर नुसता झगडलो. ड्रायसूट, पाण्याचा थेंब आत येऊ न देणारा तो, चढवला, गळ्याचं रबर डोक्यावरून खाली ओढताना कान उपटून हातात येतील असं वाटलं, आत लोकरीचे दोन थर, घामाने चिंब — आणि चेन जिथल्या तिथे. पाठीवर आहे ना ती! या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत. लावायला दुसरा माणूस लागतो. ज्याने हा सूट शिवला त्याला वाटलं असणार, माणसाला कोणीतरी असतंच.

शेवटी चेनला दोरी बांधली, दोरी दाराच्या कडीला, आणि दाराकडे तोंड करून मागे मागे सरकलो. निम्म्यावर येऊन अडकली. तसाच खुर्चीत बसलो. समोर खाडीत हिवाळी कॉड मासा येऊन राहिलाय, पाखरं पाण्यावर तुटून पडतायत, कयाक शेडमध्ये उलटी पडलीय, आणि मी स्वयंपाकघरात लाल रबरात गुंडाळलेला! आधी हसू आलं. मग रडलो थोडा. इथे कोण बघतंय.

१२ फेब्रुवारी

वारा. दिवसभर खुर्ची.

१४ फेब्रुवारी

तूर्दिसच्या दुकानात गेलो. मावसबहीण असली तरी दुकानात ती कुणाची कोणी नसते. म्हटलं, वेटसूट दे.

"तुला? या पाण्यात? वेटसूटमध्ये माणूस भिजतोच, सिग्वाल. आत शिरलेलं पाणी अंगाच्या उबेने गरम राहतं, एवढंच. पोहणाऱ्याचं भागतं त्यात. तू तास न् तास बसून राहणार, वारा खात. काकडशील नुसता."

"मग पुढून चेन असलेला ड्रायसूट?"

एकच होता, खुंटीला टांगलेला. पिवळाधमक. मध्यम मापाचा. "हा तुझ्या पोटऱ्यांपर्यंतही पोचायचा नाही," म्हणाली. "तुझ्या मापाचा मागवला तर येईस्तोवर मासा निघून गेलेला असेल. आणि हे सगळं कशाला रे? तुझा धाकटा भाऊ, आस्ले, अंगणापलीकडे राहतो. जा, त्याच्यासमोर पाठ करून उभा राहा. तो तुझी चेन ओढेल, तू त्याची ओढ. तोंडसुद्धा उघडायला नको. इतकी वर्षं तरी काय गप्पा मारत होतात?"

खरंय तिचं. कधीच बोलायचो नाही. एकाने जाऊन उभं राहायचं, मान खाली घालायची, दुसऱ्याने चेन शेवटच्या दातापर्यंत ओढायची, बोट फिरवून बघायचं, खांद्यावर थाप. मग दुसऱ्याची पाळी. कयाक पाण्यात.

"मेलो तरी नाही," मी म्हटलं.

"मरशीलच," म्हणाली, आणि वेटसूट पिशवीत घालून दिला. वर, "हा उघड्या अंगावर घालायचा. आत लोकर-बिकर नको. ऐकतोयस का?"

१५ फेब्रुवारी

लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

ऑक्टोबरात आई पडली तेव्हा आम्ही दोघंही पाण्यावर होतो. मी म्हटलं होतं, चल, फिरू परत. माझे शब्द मला लख्ख आठवतात. आस्लेच म्हणाला, "अरे थोरल्या, एकदाच गळ टाकू अजून, आत्ता तर कुठे लागायला लागलेत." घरी आलो तर ती जिन्याखाली. गार पडलेली.

आणि दफनानंतर सगळा गाव कॉफी-केक घेऊन बसलेला, पाद्रीबाई शेजारी, आणि हा उभा राहून म्हणतो — "मी म्हणत होतो याला, घरी जाऊ या. याचाच पाय निघत नव्हता." सगळ्यांसमोर! मी बशी खाली ठेवली आणि बाहेर पडलो. तेव्हापासून एक शब्द नाही. खोटारडा!

की त्याला खरंच तसं आठवतं? मग तर आणखीच वाईट.

नाही गेलं डोक्यातून.

१९ फेब्रुवारी

वेटसूट घालून धक्क्याशेजारी छातीएवढ्या पाण्यात उतरलो. आत लोकरीचा बनियन! तूर्दिसने सांगितलं होतं तरी. तिने सांगितलं म्हणूनच बहुतेक. लोकरीमुळे सूट अंगाला चिकटेना, पाणी आत खेळायला लागलं, बनियन ओला गोणपाट होऊन लोंबला. बाहेर आल्यावर वारा लागला आणि दातखीळ बसली.

आता बनियन चुलीवर वाळतोय. घरभर ओल्या मेंढीचा वास.

२२ फेब्रुवारी

आस्ले पाण्यावर गेला! एकटा!

खिडकीतून पाहिलं. वरून त्याचं ते नेहमीचं काळं जाकीट, कमरेपर्यंत, म्हणून आत काय घातलंय ते कळेना. पण ऐटीत वल्ही मारत चालला होता. दुपारी आला तेव्हा कयाकच्या मागे तीन-चार मासे, एकेक धूड. दारातच बसून साफ केले. काळीज एकीकडे, गाबोळी एकीकडे, आई करायची तसंच.

चेन कोणी लावली याची? कोणी?? दिवसभर दुसरा विचार नाही. सापडलं असेल कोणीतरी. त्याला सापडतंच. लहानपणापासून त्याचं असंच, रडत गेला की कोणीतरी उचलून घ्यायचं.

२३ फेब्रुवारी

उकडलेले बटाटे. नुसतेच.

२७ फेब्रुवारी

हातमोजे घ्यायला दुकानात गेलो आणि पहिलं काय दिसलं — खुंटी रिकामी. पिवळा सूट गेला!

मध्यम माप. अख्ख्या बेटावर थंडीत कयाकवरून मासे धरणारे वेडे आम्ही दोघं, आणि त्यातला मध्यम मापाचा कोण? कोडं सुटलं. पुढून चेन! ओढली वर, झालं. आता त्याला कोणाची गरज नाही. माझी तर नाहीच नाही.

तूर्दिसला विचारलं नाही. तिच्या तोंडून ऐकण्याइतका मी पडलेलो नाही. ती माझ्याकडे बघत होती, काहीतरी बोलणार होती, तेवढ्यात मीच हातमोजे घेऊन बाहेर आलो.

एवढं का लागावं मला? सूट त्याचा, पाठ त्याची. पण लागलं. इतके दिवस वाटत होतं की तोही तिकडे असाच बसलाय, दाराला दोरी बांधून. ते वाटणंसुद्धा आता गेलं.

३ मार्च

आज गेलो. वेटसूट, उघड्या अंगावर, वरून वाऱ्याचं जाकीट, दोन टोप्या. गेलो म्हणजे काय — मरायचा बाकी होतो.

पहिला अर्धा तास स्वर्ग! पाणी तेलासारखं, डोंगरावर ऊन. आणि लागला मासा, चांगला मांडीएवढा. वर घेतला तर बोटं काम करेनात. गळ सुटेना. सुरी काढली ती पाण्यात पडली. कयाकच्या बैठकीत पाणी साचलेलं, मी त्यातच बसलेलो, खालून गार, वरून वारा. किनारा दिसतोय आणि हात वल्हं धरत नाहीत! एवढा घाबरलो मी की मोठ्याने आईला हाक मारली. या वयात.

कसाबसा वाळूला लागलो. उठताच येईना, रांगत बाहेर आलो. वर बघतो तर आस्ले उभा.

"अरे थोरल्या, वेटसूट घालून? डोकं फिरलंय का तुझं?"

"तुला काय करायचंय!"

"ओठ बघ, जांभळे झालेत."

"माझे ओठ आहेत. चालता हो!"

तो पुढे आला, दोन हात पुढे करून, मला उठवायला. मी वल्हं उगारलं. खरंच उगारलं. थांबला तो. खिशातून थर्मास काढला, दगडावर ठेवला आणि गेला. मागे वळून बघितलं नाही.

मासा गेला, दोरीसकट. कॉफी प्यायलो. सगळी. इतकी लाज वाटली, पण प्यायलो.

४ मार्च

ताप.

६ मार्च

ताप उतरला. त्यापेक्षा होता तेच बरं होतं, निदान काहीतरी चाललेलं होतं अंगात.

संपलं सगळं असं वाटतं. ड्रायसूट लागत नाही, वेटसूट मारून टाकतो. नोकरी संपली, आई गेली, आता हेही. पाण्यावर असलो की मी कोणीतरी असतो. घरात मी नुसता एक जेवणारा माणूस. सकाळी उठायचं ते का, हे शोधायला अर्धी सकाळ जाते. वेटसूट शेडमध्ये फेकून दिलाय. चुरगळलेला, मेलेल्या सीलसारखा पडलाय. असू दे.

९ मार्च

थर्मास अजून टेबलावर. येता-जाता दिसतो. त्याची वस्तू माझ्या घरात नको! घासला, आतून ब्रश फिरवून, झाकणसुद्धा, उगाच म्हणायला नको की घाण परत केली. तो पाण्यावर गेलेला बघून त्याच्या पायरीवर नेऊन ठेवला. पळतच परत आलो.

१० मार्च

सकाळी तो पायरीवर बसलेला. थर्मास मांडीवर. माझ्या खिडकीकडे बघून हात केला. मी पाहिलंच नाही असं दाखवून वाकलो आणि चुलीत लाकूड घातलं. चुलीला लाकडाची गरज नव्हती.

हात का केला?

१२ मार्च

आज दूधभात शिजवला, दालचिनी घालून. बरा झाला. दोन माणसांचा झाला होता, सवयीने. उरला तो पाखरांना टाकला. मनात आलं होतं की — नाही, काही नाही.

१४ मार्च

हद्द झाली!

नीट उजाडलंही नव्हतं. ओला बर्फ पडत होता, काच भरलेली. कॉफी ठेवली आणि बाहेर बघतो तर माझ्या अंगणात, माझ्या पायरीच्या अगदी खाली, आस्ले! पाण्यावर जायच्या तयारीत. काळं जाकीट हातात. सूटचा रंग-बिंग काही दिसत नव्हता त्या अंधुकात, नुसता आकार. वाटलं, दार वाजवतोय आता. खोटं कशाला लिहू, मी केसांवरून हात फिरवला. दुसरा कपसुद्धा काढला.

त्याने मला बघितलं. नक्की बघितलं, माझ्या घरात दिवा होता. आणि काय केलं? शांतपणे वळला आणि माझ्याकडे पाठ करून उभा राहिला! माझ्याच अंगणात येऊन! मान खाली, हात पुढे, जसा काही मी घरात नाहीच. जसं काही — बघ, माझ्यालेखी तू हा एवढा.

डोक्यात अशी तिडीक गेली! सगळं आलं वर, दफन, कॉफी, ती बशी, तो पिवळा सूट. दार उघडून ओरडणार होतो पण त्याला तेवढंही द्यायचं नव्हतं. पडदा ओढला. खर्रकन, ऐकू जाईल असा.

किती वेळ उभा होता कोण जाणे. कॉफी उतू गेली तेव्हा भानावर आलो. नंतर पडद्याच्या फटीतून पाहिलं, गेला होता. पायरीखाली दोन काळे ठिपके, पायांचे, भोवती सगळा बर्फ. म्हणजे बराच वेळ असणार. एवढा वेळ अपमान करायला किती जीव लागतो माणसाचा!

दोन्ही कप आत ठेवले.

संध्याकाळी: त्याच्या घरात दिवा नाही. असेल गेला तूर्दिसकडे फुशारक्या मारायला.

१५ मार्च

आस्ले परत आलेला नाही. कयाक सापडली, खडकांच्या पलीकडे, उलटी.

बचाव बोट काल रात्रीपासून फिरतेय. तूर्दिसनेच त्यांना कळवलं, तो फोन उचलत नाही म्हणून. मी नाही. मी पडद्यामागे बसलो होतो. सकाळी बोटीवरची बाई आली, वही काढून, अगदी शांत. "अंगावर काय होतं त्यांच्या? त्यावर ठरतं हो, किती वेळ शोधायचं ते."

मी ठासून सांगितलं. नवा ड्रायसूट. पिवळा. पुढून चेन. आत लोकर असणार, दोन थर, तो लोकरीत कधी चुकत नाही. ती म्हणाली, "मग जीव धरून राहू शकतो माणूस, एखाद्या खडकावर वगैरे. पिवळा लांबूनही दिसतो." मी तिचा हात धरला. मग दिवसभर दुर्बीण घेऊन टेकडीवर. पिवळं काही दिसलं की उठून उभा. एकदा तरंगता बोया निघाला. एकदा शेवाळ.

आस्ले, ये रे. एकदा टाकू अजून असं मीच म्हणालो होतो म्हण, गावभर म्हण, मी नाही म्हणायचा नाही. पण ये. नवा सूट घेतलास ते किती बरं केलंस! मी जळलो, पण बरं केलंस.

१६ मार्च

सापडला. ओळख पटवायला मीच गेलो.

पिवळा नव्हता. जुना लाल, माझ्यासारखाच. पिवळा कुणी जर्मन पाहुणा घेऊन गेला, तूर्दिस आत्ता सांगते, मी तेव्हा विचारलंच नाही. त्यांनी त्याला कुशीवर वळवलं तेव्हा पाणी गळायला लागलं. पाठीवरची चेन उघडी होती, या खांद्यापासून पार त्या खांद्यापर्यंत. म्हणजे इतके दिवस तो असाच जात होता, वरून जाकीट चढवून.

परवा तो चेन लावून घ्यायला आला होता.