पहिले तेल अंगणातच

मी, खाली सही करणारी, गाड्यांची सीट कव्हरे शिवून संसार ओढलेली बाई, वयाने सत्तरीच्या पुढची, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या राजीखुशीने हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. आणण्याचा प्रयत्न झाला, तो कोणी केला हे पुढे येईलच. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. चिरंजिवांनी तो सावकाश वाचावा.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. करायचे डोक्यातही नव्हते. पण गेल्या महिन्यात मी नवी कोरी, पिवळीधमक, दोन सीटची स्पोर्ट्स कार घेतली आणि ती दारात आली त्या संध्याकाळी चिरंजीव म्हणाले, "आई, वर जाताना घेऊन जाणार आहेस का ही?" नाही नेणार. म्हणून हा कागद.

कलम १. राहते घर, वरच्या मजल्यासह, चिरंजिवांना. वर ते राहतातच. अंगणाची फरशीही त्यांचीच होईल. त्या फरशीवर गाडीच्या तेलाचा एक डाग असेल. तो घासू नये, सुनेला घासायला लावू नये, त्यावर कुंडी ठेवू नये.

कलम २. बँकेतली शिल्लक चिरंजिवांना. ती थोडी आहे. बाकीची अंगणात उभी आहे आणि तिला चार चाके आहेत, हे चिरंजीव स्वतः बँकेत असल्याने त्यांना इतरांपेक्षा जास्त लागले असावे.

कलम ३. दुकान, शिवणयंत्रे आणि माझी मोठी कात्री मी हयातीतच धाकट्या लेकीला दिली आहेत. त्याबद्दल कोणी तोंड वाकडे करू नये. भाऊ शाळेतून येऊन खेळायला पळायचा तेव्हा ती रेक्झीनचे गठ्ठे उचलायची. यजमानांची पान्यांची पेटी माझ्या दिरांना, म्हणजे भावोजींना. हयातभर त्यांनी गाड्या दुरुस्त केल्या आणि ती पेटी त्यांनी इतक्या वेळा उसनी नेली आहे की नुसते परत आणणे थांबवले तरी चालेल.

कलम ४. गाडी.

इथे जरा सविस्तर लिहिते. हा कागद नीट करून घ्यायला आलेल्या वकीलबाई म्हणतात गरज नाही. मला आहे.

सगळा जन्म मी लोकांच्या गाड्यांना कपडे शिवले. कोणाच्या सीटचा उसवलेला कोपरा कुठला, हे मला त्यांच्या घरच्यांआधी कळायचे. यजमानांचा पाय मोडला तेव्हा तयार गाड्या गिऱ्हाइकांच्या दारी पोचवायला कोणी नव्हते. भावोजींनी मला गाडी शिकवली आणि मी त्या पोचवल्या. एकही खरचटली नाही. मग प्लास्टर निघाले, ह्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला आणि म्हणाले, "आता बस कर. लोक हसतात." त्यानंतर ते जाईपर्यंत मी शेजारच्या सीटवर, मांडीवर कापडाचे गठ्ठे घेऊन बसले. माणूस वाईट नव्हता. या एका गोष्टीची मी त्यांना माफी दिलेली नाही आणि इथेही देत नाही.

आता तेलाचे. नव्या इंजिनाचे पहिले तेल कधी बदलायचे आणि कुठे, यावरून या घरात जेवढे बोलणे झाले तेवढे दोन्ही मुलांच्या लग्नांत मिळून झाले नव्हते. गाडीबरोबर आलेले पुस्तक म्हणते, वर्षाने बदला. शोरूममधला मुलगा भला होता, तोही म्हणाला की तोवर थांबलात तरी काही बिघडणार नाही. भावोजी म्हणतात, "वहिनी, नवीन इंजिन सुरुवातीला आतून घासतं, त्याचा बारीक कीस तेलात उतरतो. आम्ही आपलं पहिलं तेल लवकर काढायचो. पण पुस्तकवाले काही खोटं सांगत नाहीत."

दोघेही बरोबर आहेत, असे माझे मत. पण माझ्या हृदयाची झडप दमली आहे. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवा, पण लांब नको आणि एकटीने तर नकोच, शेजारी गाडी चालवता येणारे माणूस हवे. वर्ष काढीन ना, असे मी विचारले तेव्हा त्यांनी चष्मा पुसायला घेतला. तेव्हा वर्षाने काय बदलायचे ते ज्यांच्याकडे वर्ष आहे त्यांनी बदलावे. माझ्या गाडीचे पहिले तेल मला माझ्या डोळ्यांनी पाहायचे आहे.

कधी, हे असे ठरले. कुठे, यावर खरा पेच पडला. चिरंजिवांनी मला न विचारता शोरूमशी बोलणी करून ठेवली होती. "आई, ते गाडी परत घेतायत. फक्त बाहेरच्या कोणी इंजिनाला हात लावलेला चालणार नाही. तेल त्यांच्याकडेच बदलायचं. तू तेवढं तेलाचं खूळ सोड, बाकी मी बघतो." म्हणजे तेल बाहेर बदलले की गाडी माझी, आणि नाही बदलले तर कधीतरी दुपारी मी झोपेतून उठेन तेव्हा अंगण रिकामे. त्याचा जीव माझ्यासाठी तुटतो, हे मला कळते. पण माझा जीव माझ्यासाठी कशात आहे, हे त्याने एकदाही विचारले नाही.

मी भावोजींच्या शेडमध्ये आज सकाळी जायचे ठरवले. काल रात्री चिरंजिवांनी आपली मोठी गाडी फाटकात आडवी लावली, माणूस अंग चोरून येईल एवढीच फट ठेवून, आणि आज सकाळी वरून खाली वाकून सांगितले, "किल्ली सापडत नाहीये गं." बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस! त्या आडव्या गाडीची सीट कव्हरे मीच शिवलेली आहेत, फुकट.

ठीक आहे. शेडमध्ये नाही तर अंगणात. त्या फटीतून फळ्या येईनात, म्हणून भावोजी दोन जाड फळ्या खांद्यावर घेऊन फाटकावरून चढून आले, या वयात. त्या फळ्यांवर मी स्वतः गाडी चढवली, कारण ती इतकी बुटकी आहे की खाली मांजर शिरायचे तर तेही वाकून शिरेल. इंजिन थोडे तापू दिले, मग बंद केले. चटई टाकून आत सरकले. तेलाच्या चेंबरखालचा बोल्ट भावोजींच्या सांगण्यावरून मी माझ्या हाताने सैल केला. वरून चिरंजीव ओरडत होते, "आई, अगं काय हे! काका, तुम्ही तरी!" भावोजी म्हणाले, "मला ऐकू कमी येतं रे." तेल पडले. मला वाटले होते सोन्यासारखे असेल, ते चहासारखे होते आणि त्यात बारीकशी चमक होती. मी रडले. फिल्टरही बदलला. नवे तेल भरले, गाडी सुरू करून पाहिली, बोल्ट कोरडा आहे. शोरूमने परत घ्यावी अशी गाडी आता या घरात नाही.

हे सर्व झाल्यावर हात पुसून मी पुढे लिहीत आहे. ही गाडी माझ्या पश्चात धाकट्या लेकीला मिळावी.

वरील ओळ रद्द. कारण सांगते. वकीलबाईंनी आधीच बजावले होते की दोन साक्षीदार हवेत, आणि ज्याला या कागदातून काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचे मिळायचे ते जाते. शेजारचे औषधवाले आले. समोरचे घड्याळजी यायचे होते. काल रात्री चिरंजीव त्यांच्याकडे बसून आले आणि आज त्यांचे पोट बिघडले. भावोजींना पेटी मिळणार आणि वकीलबाईंना अंमलबजावणी करायची, म्हणून ते दोघे सही करायचे नाहीत. आम्ही खोळंबलो. धाकटी कोपऱ्यात उभी होती. गाडी आल्यापासून तिने तिला हातही लावला नव्हता. रागावली आहे की घाबरली आहे, मला कळत नव्हते. ती पुढे आली आणि म्हणाली, "पेन द्या. मी करते सही."

वकीलबाई म्हणाल्या, "अहो, मग गाडी जाईल तुमची."

"जाऊ दे. ही मेल्यावर मिळणारी गाडी मला नकोच आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मला चालवता येतं, आई. दुकानातल्या गाड्या मीच पोचवते. डॉक्टरांनी सांगितलेलं माणूस मी आहे. तू चालव, मी शेजारी बसते. आजपासून."

ह्यांनी मला त्या सीटवर बसवले होते. ही आपण होऊन बसते आहे. याहून जास्त मला या कागदावर लिहिता येत नाही, अक्षर बिघडते आहे.

म्हणून सुधारित कलम ४. गाडी माझ्या पश्चात चिरंजिवांना. तोवर तिचे तेल याच अंगणात इतक्या वेळा बदललेले असेल की शोरूम तिला दारातही उभी करणार नाही. तेव्हा विकण्याचे मनात न आणता ती त्यांनी चालवावी आणि शेजारी बहिणीला बसवावे. वकीलबाईंना विचारले. सीट ही मालमत्ता नाही, बसण्याची जागा आहे, त्यामुळे साक्षीदाराला तिच्यावर बसायला कायद्याची आडकाठी नाही.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी माझ्या मृत्यूनंतर करावी. एक सूचना मात्र त्याला अपवाद आहे. सह्या झाल्या की आम्ही दोघी निघणार आहोत. फाटकातली गाडी काढावी, ही सूचना आत्ताच अमलात आणावी. किल्ली चिरंजिवांच्या खिशात आहे. ते वरून बघत उभे आहेत आणि केव्हापासून खिसा चाचपत आहेत.

ठिकाण: अंगण, गाडीच्या टपावर कागद ठेवून.
दिवस: रविवार, पहिले तेल बदलले ती सकाळ.

मृत्युपत्र करणारी: (सही) कडेचा काळा ठसा अंगठ्याचा आहे, पण शाईचा नाही.

मृत्युपत्र करणारीने आमच्यासमोर सही केली, तिच्यासमोर आम्ही केली:

साक्षीदार पहिले: शेजारचे औषधवाले (सही)

साक्षीदार दुसरी: धाकटी लेक (सही)