खुर्ची सर्वांत आत

ती. मावशीस,

शिरसाष्टांग नमस्कार. पत्राला उशीर झाला हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे तुला निदान पुढचं तरी शांतपणे वाचता येईल. रोज लिहायला बसायचो. पण पेन सापडलं की कागद नसायचा, आणि कागद सापडला की खिडकीखाली कुणीतरी भांडत असायचं (भांडण अर्ध्यावर सोडून उठणं मला जमत नाही, तुला ठाऊकच आहे). तुझा गुडघा कसा आहे? काकांचा खोकला? मांजराला माझी आठवण येते, की नेहमीसारखंच?

तू शब्द टाकलास म्हणून मालकीणबाईंनी मला घरसामान हलवायच्या टेम्पोवर घेतलं. पोरगा क्रमाची कोडी झटक्यात सोडवतो, असंही तू सांगितलंस म्हणे. (लाल डबा निळ्याच्या आधी, निळा पिवळ्याच्या आधी, तर शेवटचा कुठला, ती कोडी. डबे तीन असले तर सोडवायचो गं. चौथा आला की मला भूक लागायची.) आता आमचा ड्रायव्हर काही सरळ सांगेल तर शपथ. परवा तीन घरांचं सामान एकाच खेपेत न्यायचं होतं, तर म्हणाला, "मास्तरीणबाई डॉक्टरांच्या नंतर, नवरा-नवरी मास्तरीणबाईंच्या नंतर. भर पटापट!" आणि गेला चहाला. मी डोळे मिटून विचार केला. डॉक्टर, मास्तरीणबाई, नवरा-नवरी. मावशी, उत्तर अचूक होतं! त्याच क्रमाने सामान चढवलं. दातांच्या डॉक्टरांची ती वर-खाली होणारी खुर्ची सर्वांत आत, मग मास्तरीणबाईंची पुस्तकांची खोकी, आणि दाराशी नवरा-नवरीचा सोफा. पैलवान (आमचा हमाल, महिन्यातून एकदा बोलतो) माझ्याकडे एकटक बघत होता. मला वाटलं, कौतुकाने.

टेम्पोला दार एकच असतं, हे कोड्यात दिलेलं नव्हतं.

डॉक्टरांच्या नव्या दवाखान्यासमोर एक खुर्ची बाहेर काढायला दोन संसार फुटपाथवर मांडावे लागले. पेशंट आधीच येऊन ठेपलेले, गाल धरून. आधी कोण, यावरून जुंपली. मी आपला त्यांना नवरा-नवरीच्या सोफ्यावर बसवायला लागलो. रुमालवाल्या बाईंचं टायवाल्या साहेबांपेक्षा जास्त ठणकतंय, साहेबांचं आजोबांपेक्षा जास्त (आजोबांना दातच नव्हते, ते कवळी घ्यायला आलेले). प्रत्येकाला विचारत विचारत रांग लावली आणि चक्क सगळे गप्प बसले. तेवढ्यात मालकीणबाई आल्या.

"ड्रायव्हर पैलवानापेक्षा हुशार," त्या म्हणाल्या, "आणि पैलवान या टेम्पोच्या शिडीपेक्षा."

"आणि मी?"

"शिडी तुझ्यापेक्षा. ती निदान कुणी हलवल्याशिवाय हलत नाही. उद्यापासून येऊ नकोस."

हे कोडं मात्र मी चार असूनही लगेच सोडवलं. तुझ्या शब्दाची माती केली, याचं वाईट वाटतं. बाकी तब्येत उत्तम.

तुझा,
शिडीखालचा भाचा

ता. क. : माझी खोली मालकीणबाईंच्या गोदामाच्या वरचीच, म्हणजे तीही गेली. तुझ्याकडे राहायला येऊ का? नाही म्हणायच्या आधी ऐक. तुझ्या गावाकडे निघालेल्या टेम्पोत माझी ट्रंक टाकली आहे. या वेळी सर्वांत शेवटी चढवली, म्हणजे सर्वांत आधी उतरेल. आधी ट्रंक, मग पत्र, मग मी. जमला की नाही क्रम?

ता. ता. क. : थांब, दार वाजतंय. अगं, दातांचे डॉक्टर! भरपाई मागायला आले असतील म्हणून मी श्वास रोखून बसलो, तर बाहेरूनच सांगतायत की दवाखान्यात रोज भांडणं होतात, सगळ्यांचं सगळ्यांपेक्षा जास्त दुखतं, आणि तशी रांग पुन्हा कुणाला लावता येत नाही. नोकरी देतायत, मागची खोलीही देतायत, फक्त आत्ता लगेच चल म्हणतायत. तेव्हा माझं येणं रद्द, पण ट्रंक ताबडतोब उलट पाठव. मी क्रमात पँट धरलीच नव्हती. एक ट्रंकेत आहे, दुसरी दोरीवर ओली आहे, आणि डॉक्टर अजून दाराबाहेरच उभे आहेत.